ब्राह्मी लढत नाही

सांगलीच्या शनिवारच्या बाजारात रंगूबाई जुन्या वस्तूंचा पसारा मांडून बसते. मिक्सरची भांडी, बंद पडलेले रिमोट, कान तुटलेले कप. त्या पसाऱ्यातल्या एका चपट्या डबीवर त्या दिवशी दोन हात एकदमच पडले. एक जयराजचा. दुसरा बारीक मनगटाचा, त्यावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

"मी आधी बघितली," जयराज म्हणाला.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

डबीत 'ग्लास रिव्हर' होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा जपानी व्हिडिओ गेम, इंग्रजीत आलेला. त्यात लढाया होत्याच, पण लढाईपेक्षा गोष्ट मोठी होती. जाणकार त्याचं नाव एखाद्या जुन्या नाटकासारखं घेतात. जयराज वर्षभर तो शोधत होता.

रंगूबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि डबी उघडली. "भांडताय कशाला? तबकड्या दोन हायत, तुमीबी दोघं हायसा. एकेक घ्या की!" भाकरी मोडावी तशी तिनं वाटणी केली. पहिली सीडी मुलीला, दुसरी जयराजला.

"म्हणजे तुमच्याकडे फक्त शेवट आला," मुलगी हसू दाबत म्हणाली.

"आणि तुमच्याकडे खेळायचं मशीन आहे का?"

"भावाचं होतं... बिघडलं."

"माझ्याकडे चालू आहे," जयराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वेळेवर उत्तर सुचलं होतं.

जयराज मूळचा रहिमतपूरचा. विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला तो याच वर्षी सांगलीत आला होता. ती तासगावची. क्लासच्या समोरच्याच गल्लीत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर तपासायचं काम करायची. रोज एसटीनं ये-जा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हे तिचं कामच. त्यामुळे तिनं आपल्याकडे बघितलं तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे जयराजला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

"नाव काय तुमचं?"

"ब्राह्मी."

"डोक्याला लावतात ते तेल?"

"लिपी," ती म्हणाली. "तेल नंतर आलं."

दुपारच्या सुट्टीत क्लास रिकामा असायचा. जयराजनं आपलं जुनं प्लेस्टेशन तिथल्या मोठ्या पडद्याला जोडलं. ब्राह्मी डबा घेऊन यायची. खिडकीबाहेर श्रावणातली बारीक सर, आत काचेच्या नदीवरून चाललेली एक नाव. नावाडी मुलगा, त्याच्याबरोबर निघालेली एक गाणारी मुलगी, आणि काठाकाठानं वसलेली गावं.

पहिलं भूत समोर आलं तशी ब्राह्मीनं 'पळा'चं बटण दाबलं. दुसरं आलं, पुन्हा पळाली. तिसऱ्यांदा जयराजला राहवेना.

"अगं, मार की त्याला!" अहो-जाहो तिथंच सुटलं.

"चातुर्मासात मारामारी नाही. नियम घेतलाय."

"ते खरं थोडंच आहे? रंगाचे ठिपके आहेत नुसते!"

"मारायचं असं मनात आणलं की झालीच हिंसा. आम्ही जैन आहोत बाबा."

"न मारता ताकद वाढायची नाही. पहिल्या राक्षसापाशीच मरशील."

"मग तू मार," तिनं कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "पाप तुझ्या खात्यावर."

तेव्हापासून तसंच ठरलं. लढाई जयराजची, गाव ब्राह्मीचं. कंट्रोलर इकडून तिकडे जाताना बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही पडद्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघायची.

असे खेळ जयराज लहानपणापासून खेळत आला होता. पण गावात शिरला की तलवार घ्यायची, औषध घ्यायचं आणि बाहेर पडायचं, एवढंच त्याला ठाऊक. ब्राह्मी मात्र गावातल्या प्रत्येक माणसापुढे थांबायची. विहिरीवरची बाई, जाळं विणणारा म्हातारा, कुंपणावर बसलेली मुलगी, सगळ्यांशी बोलायची. एवढंच नाही, तर गोष्ट जरा पुढे सरकली की नाव उलटी वळवून पुन्हा त्याच गावात यायची.

"परत कशाला? सगळ्यांशी बोलून झालंय," जयराज वैतागायचा.

"बघ तर."

जाळं विणणारा म्हातारा आधी म्हणाला होता, 'यंदा मासे कमी.' आता, वरच्या गावाला पूर आल्यावर, तो म्हणाला, 'माझा मुलगा तिकडेच होता. तुम्हाला दिसला का?'

जयराज ते वाक्य बराच वेळ वाचत राहिला. एका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यासाठी कुणीतरी जपानमध्ये बसून हे लिहिलं होतं, आणि परत वळून न येणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हतं. आजवर आपण किती गावं नुसती ओलांडून आलो, असं त्याला वाटलं.

"रडतोस की काय?" ब्राह्मीनं वाकून बघितलं. "नंबर वाढला असेल. ये उद्या, तपासते."

पर्युषण आलं तेव्हा पहिली सीडी संपत आली होती. ब्राह्मीनं सुट्टी काढली. पर्वात रोज मंदिर, पूजा, उपवास. सांगलीला यायचं नव्हतं.

"मी नसताना पुढे खेळू नकोस."

"नाही खेळणार."

डब्याचं झाकण लावता लावता तिनं सहज सांगितलं, "जयसिंगपूरचे पाहुणे येऊन गेले परवा. मला बघायला."

"...मग?"

"मग काय, पोहे खाल्ले आणि गेले." तिनं वर बघितलं. "तुला काही विचारायचंय?"

विचारायचं होतं. खूप विचारायचं होतं. पण जयराजच्या तोंडून निघालं, "पोहे कसे झाले होते?"

ब्राह्मीनं पिशवी खांद्याला लावली. "खारट," म्हणाली, आणि गेली.

पर्व संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. 'उत्तम क्षमा. कळत-नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल, तर मी मनापासून क्षमा मागते. ब्राह्मी.'

जयराजनं तो दोनदा वाचला. 'तुमचं'! 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. आणि क्षमा कशाची, हे काय कळायला अवघड होतं? जयसिंगपूरचं ठरलं असणार. सांगलीतल्या कुणालाही त्यानं तो मेसेज दाखवला असता, तर गोष्ट तिथंच निवळली असती. पण असले मेसेज माणूस कुणाला दाखवतो का? त्यानं क्लासला सुट्टी सांगितली आणि तासगावची एसटी धरली.

ब्राह्मीच्या वडलांचं, म्हणजे बेदाण्याचे व्यापारी धन्यकुमार आण्णा मगदुमांचं घर स्टँडवर पहिल्याच माणसानं दाखवलं. जयराजनं दार वाजवलं. पांढऱ्या धोतरातले एक गृहस्थ बाहेर आले. अनोळखी पोराकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

"उत्तम क्षमा. काय चुकलं-माकलं असंल तर माफी असावी."

जयराजला गलबलून आलं. मुलीचा बाप, एवढा मोठा माणूस, दारात उभा राहून आपली माफी मागतोय!

"आण्णा, तुम्ही कशाला माफी मागता? चूक माझीच. मी वेळेवर बोलायला पाहिजे होतं. माझा कुणावर राग नाही. पण एकदा सांगून जातो... ब्राह्मी मला आवडते. तिचं लग्न ठरलं असलं तरी... आवडते."

आण्णांचे हात जोडलेलेच राहिले. मग त्यांनी मान वळवून आत हाक मारली, "आगं राजमती! आपल्या पोरीचं लगीन ठरलंय म्हनं!"

"कुनाशी?" करत राजमतीबाई बाहेर आल्या. त्यांच्यामागे ब्राह्मी.

"तू इथं कसा?"

"तुझा मेसेज आला..."

"तो? अरे, तो सगळ्यांना पाठवलाय! डॉक्टरांना, कंपाउंडरला, एसटीच्या कंडक्टरला. आज क्षमावाणी. वर्षभरात काही चुकलं असेल तर आज सगळे सगळ्यांची क्षमा मागतात." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "तू... आण्णांना काय सांगितलंस?"

"ते मी ऐकलंय," आण्णा म्हणाले. "गाव कुठलं रं?"

"रहिमतपूर."

"म्हंजी जैन न्हवं."

"नाही."

"मटन खातोस?"

"खात होतो. सुटलं."

"कुनी सोडायला लावलं?"

"कुणी नाही. तिच्या डब्याशेजारी बसायचं, आणि संध्याकाळी जाऊन ते खायचं... बरं वाटेना."

आण्णांनी आता कुठं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "आज कुनावर राग धरायचा न्हाई, हे तुझं नशीब. उद्या आला असतास, तर..."

"तर काय?" राजमतीबाई म्हणाल्या. "उद्या तरी काय केलं असतं तुमी? कुत्र्याला हाड म्हनत न्हाई कवा!"

"तू गप ग." आण्णा दारातून बाजूला झाले. "बस. पानी पी. घरात घेनं येगळं आन् पोरगी देनं येगळं, एवढं ध्यानात ठेव. आदी तुझ्या आई-वडलांना घिऊन ये. आमच्या भावकीलाबी इचारायला लागंल. सोपं न्हाई. मग बघू."

ब्राह्मी त्याला सोडायला स्टँडपर्यंत आली. भुरभुर चालू होती. छत्री एकच होती, आणि ती मधोमध धरायचा दोघांचाही प्रयत्न चालला होता.

"जयसिंगपूरच्यांचं काय झालं?" त्यानं शेवटी विचारलं.

"मी नको म्हटलं. फावल्या वेळात काय करता, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, एक जुना गेम खेळते. सगळे हसले, तो मुलगाही हसला. हसायचं काही नाही रे. पण कसली गोष्ट आहे त्यात, असं एकानंही विचारलं नाही."

सांगलीची गाडी लागली. जयराज पायरीवर चढला.

"जयराज," ती खालून म्हणाली. "आण्णांना सांगितलंस. आईनं ऐकलं. शेजारच्या बनाबाईंनी खिडकीतून ऐकलं. मला कुठं सांगितलंस?"

कंडक्टरनं घंटी मारली. जयराज पायरीवरून खाली उतरला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ब्राह्मी म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून मागे बघत, "गाडी गेली तुझी."

"फुडची कवा हाय?" घरची बोली नकळत त्याच्या तोंडातून निसटली.

"अर्ध्या तासानं."

"लय लवकर हाय की," तो म्हणाला.