चाकाचं लिंबू

जळगावात मेहरूणच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्रेयांसशेठचा बंगला आहे. शेठ डाळीचा व्यापारी, पण त्याचा जीव सगळा गाडीच्या चाकांत. अहो, लोक चाकं घेतात गाडी चालवायला. या पठ्ठ्यानं गाडी घेतली ती चाकं मिरवायला! मूळची लोखंडी काढून ठेवली आणि खास ऑर्डर देऊन घडवलेली अलॉय बसवली, अगदी आरशासारखी. रोज सकाळी, चाकं थंड असताना, शेठ पाटावर बसायचा. आधी पाण्याचा फवारा, मग मऊ ब्रश, मग नटांच्या खाचांत टूथब्रश. ब्रेकची काळी धूळ निघाली की फडकं फिरवायचं आणि शेवटी मेण. शेजारी त्याची पाच वर्षांची पलक, हातात स्वतःचा गुलाबी टूथब्रश. खर्र... खर्र... बापलेक तासन्‌तास घासत बसायचे.

चाकं बसवून आली त्या दिवशी त्याची बायको चेलना ताटात कुंकू आणि चार लिंबं घेऊन दारात उभी राहिली. नव्या चाकाखाली लिंबू चिरडायचं, ही आपल्याकडची रीतच आहे.

"खबरदार! आंबटानं पॉलिश जातं," श्रेयांस खेकसला. मग हसून म्हणाला, "आपण जैन ना? लिंबातही जीव असतो."

पॉलिश वाचवायला धर्म पुढे केला, दुसरं काय!

गाडी धुणारा खेमा बादली घेऊन उभा होता. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, बोलायचा कमी. तो हळूच म्हणाला, "शेठ, चाकले काहीतरी देनं पडस. नही दिधं तं ते सोताच लेस."

"हे तुझ्या पाड्यावर सांग," म्हणत शेठनं चारही लिंबं गटारात फेकली.

आधी खार गेली. गाडी फाटकाजवळ उभी, हँडब्रेक ओढलेला, आत कोणी नाही. तरी पुढच्या डाव्या चाकाखाली खार चिरडलेली. मग पलक जिला दूध घालायची ती मांजरी पुढच्या उजव्या चाकाखाली सापडली. पोर दिवसभर रडली. दोन्ही वेळा भर दुपार होती, आणि दोन्ही वेळा गाडीभोवती लिंबाचा वास येत होता. ताजा, आंबट, दातांवर चढणारा. शेठनं नाक पुसलं आणि चाक धुऊन घेतलं.

पुढे शेठच्या पाठीत चमक भरली, तेव्हा घासायचं काम खेमाकडे आलं.

"आतली बाजूपण घास. बोटं घाल की आत!" शेठ ओट्यावरून ओरडत होता.

"शेठ... याले भूक लागेल शे..."

"घाल म्हटलं ना!"

खेमानं मागच्या उजव्या चाकाच्या काड्यांमधून हात घातला आणि चाक फिरलं. गाडी बंद होती. किंकाळी ऐकून गल्ली गोळा झाली. श्रेयांस धावत आला, आणि काय केलं त्यानं? आधी फडक्यानं रिमवरचं रक्त पुसलं, वाळून डाग पडू नये म्हणून. मग खेमाकडे पाहिलं. त्याच्या हाताला आता अंगठाच उरला होता.

दवाखान्यात खेमा डोळे मिटून पडला होता. शेठ जवळ आला तसा कुजबुजला, "तीन लिधात त्यानी... एक चाक बाकी शे. पलकले जपा."

तेव्हा कुठे शेठला गटारात फेकलेली लिंबं आठवली. घरी येऊन त्यानं मागच्या डाव्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि स्वतः गाडी वरून नेली. उतरून पाहतो तर लिंबू अख्खं. पुन्हा नेली. लिंबू अख्खंच, सालीला ओरखडाही नाही. चाकाला आता लिंबू नको होतं.

शेठ व्यापारी माणूस. त्यानं धुळ्यात गिऱ्हाईक शोधलं, देवपुरातला कुंदन. त्याच्याच अंगणात फिटरनं चारही अलॉय कुंदनच्या गाडीला चढवली आणि शेठच्या गाडीला जुनी काळी लोखंडी चाकं लावली. शेठ समोर उभा राहून एकेक नट बघत होता.

"इतकी जिवापाड जपलेली चाकं, विकता कशाला शेठ?"

"पाठ दुखते हो. घासणं होत नाही."

तेवढ्यात कुंदनचं रांगतं मूल मागच्या डाव्या चाकापाशी गेलं आणि रिमवर थाळी वाजवावी तशा थापट्या मारू लागलं. श्रेयांसनं तोंड उघडलं. मिटलं. आपलं सुटलं ना, मग झालं! मुंगी मरू नये म्हणून दिवस मावळल्यावर न जेवणारा माणूस हा. लाज वाटते सांगायला.

पारोळा, एरंडोल मागे पडलं तसा तो गुणगुणू लागला. बंगल्यावर पोचला तेव्हा ऊन टळटळीत होतं. पलक ब्रश घेऊन पळत आली.

"पप्पा, चाक घासू?"

"घास बेटा, घास. आता काही भीती नाही."

तो आत जाऊन पंख्याखाली बसला. बाहेर खर्र... खर्र... सुरू झालं. किती बरं वाटलं त्याला! पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि फोन वाजला.

"शेठ, ही कसली मस्करी?" कुंदन होता. "माझ्या गाडीला तीनच अलॉय आहेत. मागचं डावं तुमचं जुनं लोखंडी... फिटर तर शपथा घेतोय..."

खिडकीतून लिंबाचा वास आत आला.

बाहेरचं घासणं थांबलं.

शेठ अनवाणी धावला. गाडी हातभर मागे सरकली होती, हँडब्रेक ओढलेलाच होता. मागचं डावं चाक आरशासारखं झळकत होतं. आणि सवय बघा माणसाची, नजर आधी रिमवर गेली. एकही डाग नव्हता. मग त्यानं खाली पाहिलं.

पलक गेली. चेलना माहेरी निघून गेली, ती परतलीच नाही. गाडी अजून त्याच जागी आहे, न्यायला कोणी तयार होत नाही. मे महिन्याच्या वावटळींनी ती धुळीनं राखाडी झाली आहे, काचांतून आतलं दिसत नाही. पण मागचं डावं चाक रोज लख्ख असतं.

भर दुपारी त्या रस्त्यानं गेलात तर ऐकू येईल, खर्र... खर्र... शेठ खिडकीशी बसलेला असतो. आवाज जरा थांबला की गजांना धरून ओरडतो, "घास बेटा... थांबू नको... थांबू नको!"

आणि चाकापाशी तो गुलाबी ब्रश पडलेला असतो. खेमा एकदा डाव्या हातानं तो उचलायला गेला होता. ब्रश ओला होता, आणि दांडी गरम होती, कोणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखी.