पांढऱ्या मातीचं पोतं

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नदीकाठची खुणेची काठी पाण्यापासून दोन बोटं लांब, कोरडी ठणठणीत उभी होती. म्हणजे पाणी उतरत होतं. निदान मालकीणबाईंना तसंच वाटलं.

मालकीणबाईंचा कपबश्यांचा कारखाना. जुनी खाण संपली होती. उरलेली माती जेमतेम पंधरवडा पुरणार, मग भट्टी विझवून अकरा माणसांना घरी बसवायचं. म्हणून तिघं डोंगरापलीकडे पांढऱ्या मातीच्या शोधात निघाले होते: त्या, भट्टी सांभाळणारा धाकटा दीर आणि वाट जाणणारा मोजणीदार. दुसऱ्या दिवशी एका घळीत माती सापडली! लोण्यासारखी मऊ. पण भाजल्यावर ती पांढरी राहते की पिवळी पडते, हे भट्टीच सांगणार होती. वीस किलोचं पोतं भरून परत फिरले, तर तिसऱ्या दिवशी ही फुगलेली नदी आडवी आली.

सकाळपासून खल चालला होता. थांबावं, तर शिधा एका वेळेपुरता आणि दिराचा घोटा सुजलेला. उतरावं, तर पाणी गढूळ. पोतं टाकून जावं, तर पुन्हा सगळी पायपीट. मालकीणबाई एक बाजू मांडू लागल्या की त्यांना दुसरीच पटायची. मोजणीदार दोन्हींना मान डोलवायचा. तुमची मान स्प्रिंगवर बसवली आहे का, असं दिराने त्याला विचारूनही झालं. शेवटी मोजणीदाराने अकरा वाजता पाण्याच्या कडेला काठी रोवली. ती कोरडी पडली की निघायचं, असं ठरलं.

तिघांनी कमरेला एकच दोर बांधला. पोतं मालकीणबाईंच्या पाठीवर. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. मधोमध ते कमरेवर चढलं. उतरणारं पाणी एवढं?

"भावोजी, काठी कुणी हलवली होती का?"

"मी. भिजत होती, म्हणून वर घेतली. दोनदा."

कारखान्यात कच्च्या भांड्याला पाणी लागलं की ते गेलंच. भिजणारी वस्तू दिसेल त्याने न विचारता उचलून कोरड्यात ठेवायची, हा नियम खुद्द मालकीणबाईंचा. दिराने तो नदीकाठीही पाळला होता!

"म्हणजे पाणी चढतंय, बाई," मोजणीदार म्हणाला. "मागं फिरायचं की पुढं?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. लोंढा आला! दिराचा पाय निसटला. दोर ताणला. मोजणीदार गुडघ्यांवर आला. पोतं मालकीणबाईंना मागे खेचू लागलं.

"वहिनी, पोतं सोडा."

आपण कारखाना सोडतोय की वीस किलो चिखल, त्यांना कळेना. त्यांनी कमरेचा चाकू काढून पोत्याचा पट्टा कापला. पोतं बुडालं! दोन्ही हातांनी त्यांनी दोर ओढला, दिराची कॉलर हाती लागली, आणि तिघं खुरडत, खोकत पलीकडच्या वाळूवर पडले.

चौथ्या दिवशी घरी मालकीणबाई आपला कोट पिळत असताना खिशात लिंबाएवढा मातीचा गोळा निघाला. दिराने त्याची पातळ चकती थापली, वाळवली आणि भट्टीत ठेवली.

"वहिनी, पिवळी निघालेली बरी की पांढरी?" त्याने विचारलं.

मालकीणबाईंनी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. पिवळी निघाली, तर पोतं सोडलं ते बरंच झालं, पण कारखाना बंद. पांढरी निघाली, तर पुन्हा तीच नदी.

सहाव्या दिवशी सकाळी नऊपर्यंतची खबर एवढीच: भट्टी विझवून चौदा तास झाले आहेत, तिचं दार अजून हात लावता येणार नाही इतकं तापलेलं आहे, आणि मोजणीदार नवा दोर घेऊन फाटकाशी बसला आहे. त्याला कुणी बोलावलं, हे कुणालाच माहीत नाही.