सव्वाअकराची कातळवाट

यंदा झेंडा आणायचाच! ससाणा टोळीच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

माणगावच्या बालवीर पथकात दोन टोळ्या होत्या, गरुड आणि ससाणा. दरवर्षी पौष महिन्यात पथकाचे चांगदेव मास्तर त्यांना दोन वेगळ्या वाटांनी एकाच मुक्कामाला पाठवत. आधी पोचेल त्या टोळीनं झेंडा उभारायचा आणि तोच घेऊन अलिबागच्या मेळाव्याला जायचं. दोन वर्षं झेंडा गरुडांनी पळवला होता. ससाण्यांचा नायक सदू आता पंधरा वर्षांचा. उन्हाळ्यात तो मामाकडे मुंबईला गिरणीत लागणार, हे घरात ठरून गेलं होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही!

आणि पथकात असणं म्हणजे काय नुसती खाकी चड्डी आणि गळ्यात रुमाल? छे! रोज सकाळी रुमालाच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसभरात कुणाचं तरी भलं केलं की मगच सोडायची. संध्याकाळी गाठ तशीच असली तर मास्तर रागवत नसत, नुसते बघत. त्यापेक्षा छडी बरी, असं पोरं म्हणत. टोळीत प्रत्येकाला काम नेमलेलं होतं. गलेलठ्ठ रावजीकडे चूल, दादूकडे दोर, दिवाळीनंतर पथकात आलेल्या बारा वर्षांच्या कान्हाकडे मलमपट्टीची पिशवी. नायकानं धोक्यात सगळ्यांच्या आधी शिरायचं आणि ताटावर सगळ्यांच्या मागून बसायचं.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा गरुडांना डोंगराची वाट आली आणि ससाण्यांना समुद्राची. हरिहरेश्वराच्या अलीकडे एका उंच कड्याच्या पायथ्याशी काळ्या कातळाची पट्टी आहे. पलीकडच्या वाडीतल्या वडाखाली मुक्काम होता, आणि मास्तर तिथे पुढे जाऊन थांबणार होते. मास्तरांच्या सूचनांचा कागद सदूच्या खिशात होता. त्यात लिहिलं होतं: ‘सव्वाअकरा वाजता कातळवाट ओलांडावी. ओहोटी असेल.’ खरं तर सहल आठ दिवस आधीच निघायची, पण मास्तरांना हिवतापानं गाठलं. बरे झाल्यावर त्यांनी कागदावरची तारीख खोडून नवी घातली, बाकी कागद तसाच ठेवला.

कातळ सुरू होतो तिथे टोळी पोचली तेव्हा मास्तरांनी दिलेल्या घड्याळात साडेदहा झाले होते. समोरून नीराबाई नावाची एक म्हातारी डोक्यावर कालवांची टोपली घेऊन परत येत होती.

“कुठं निघालाव रं पोरांनो?”

“पलीकडं, वडाखाली,” सदू म्हणाला.

“आज पुनव हाय बाबांनो. पानी बगून पाय टाका.”

“आमच्याजवळ मास्तरांचा कागद हाय, मावशी.”

“कागद?” म्हातारी खुदकन हसली. “समिंदराला वाचाया येतं व्हय?”

ती पुढे गेली. सदूला जरा लागलं, पण तेवढ्यात दादू ओरडला, “ते बघ गरुड!” वर डोंगराच्या सोंडेवर खाकी ठिपके हलत होते. मग काय, सदूनं पावलं उचलली!

वाट सुरेख होती. एका अंगाला करवंदीच्या जाळ्या मिरवणारा कडा, दुसऱ्या अंगाला चमचमणारं पाणी, आणि मधल्या कातळात लहान लहान डबकी, त्यांत इवलाले खेकडे. पथकाच्या रिवाजाप्रमाणे सदू दर शंभर पावलांवर खड्यांचा बाण मांडत होता, मागून माग काढणाऱ्यासाठी. सगळ्यात मागे कान्हा होता.

“सदूदादा,” तो भीत भीत म्हणाला, “आपला मागचा बाण न्हाय दिसत.”

“नीट बघ.”

“बघितला. तिथं पाणी हाय.”

सदू थबकला. ओहोटी असेल तर बाण बुडाला कसा? आज पुनव. तिथीची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, केली की भरतीची वेळ निघते, हे मास्तरांनीच शिकवलं होतं आणि परीक्षेत त्यानं घडाघडा सांगितलंही होतं. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा!

सव्वाअकराला ओहोटी नव्हती, ऐन भरती होती. तीही पुनवेची!

“मागं फिरा!”

चौघं पळाले. पण मघाशी कोरड्या पायांनी ओलांडलेली घळ आता भरली होती. पाणी फेसाळत आत शिरत होतं. पुन्हा पुढे पळाले. पुढच्या घळीत पाणी गुडघाभर, लाट आली की छातीपर्यंत. पलीकडे वीस पावलांवर वाळू, आणि वाळूमागे तो वड!

“मारू या उडी!” दादू ओरडला. “गरुड अजून उतरलं न्हाईत. झेंडा आपला!”

सदूनं वडाकडे पाहिलं. त्याचा जीव तिकडे ओढला. तो एकटा असता तर गेलाच असता. मग त्याला कान्हाचे पाय दिसले, काडीसारखे.

“न्हाय. वर चढायचं. दोर काढ!”

कड्यात दोन पुरुष उंचीवर एक सपाट कंगोरा होता. सदू आधी चढला. करवंदीनं हात ओरबाडले. दोर जाळीच्या बुंध्याला बांधला, टोकाला न आवळणारा फास केला. आधी कान्हा. मग दादू. मग रावजी! तिघांनी मिळून ओढलं तरी रावजी हलेना.

“सकाळी चार भाकऱ्या कशाला हाणल्यास रं?” दादू दातओठ खात म्हणाला.

“पाच!” खालून रावजी रडवेल्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात लाट आली! रावजी कमरेपर्यंत बुडाला, पाय सुटले. दोर ताणला, सदूच्या तळव्यांची सालटी निघाली, पण त्यानं सोडला नाही. “पाय कातळाला लाव! आता! हां!” रावजी धापा टाकत वर आला. दादूनं उडी मारायला सांगितलं होतं त्या घळीत आता लाटा माणसाएवढ्या उसळत होत्या. दादू तिकडे बघत राहिला.

मग चार तास चौघं त्या कंगोऱ्यावर बसून राहिले. कान्हानं सदूच्या हातांना मलम लावलं. रावजीनं भिजलेले पोहे वाटले. सदूनं रिवाजाप्रमाणे शेवटी घेतले. दुपारी झाडांवरून गरुडांचा झेंडा वर चढला, तो त्यांना स्पष्ट दिसला. सदूनं मान फिरवली. त्याला फार वाईट वाटलं.

तीन वाजून गेल्यावर घळ मोकळी झाली. पलीकडे मास्तर कमरेपर्यंत भिजून उभे होते. हाका मारून त्यांचा घसा बसला होता, पण लाटांच्या आवाजात त्या पोरांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. कोळ्यांची होडी दोनदा निघाली, दोनदा लाटांनी परत लोटली होती. त्यांनी चार डोकी मोजली आणि वाळूत मटकन खालीच बसले.

“तारीख बदलली आणि तिथी बघितली नाही,” ते म्हणाले. “चूक माझी, सदू.”

“वाटेत एका कालववाल्या म्हातारीनं सांगितलं होतं, मास्तर. मी ऐकलं न्हाय.”

मास्तरांची नजर त्याच्या रुमालाकडे गेली. गाठ तशीच होती. सदू ओशाळला.

“आज कुणाचं भलं करायला सवडच झाली न्हाय,” तो पुटपुटला.

मास्तर काही बोलणार, तोच कान्हा पुढे झाला. खाऱ्या पाण्यानं गाठ घट्ट बसली होती, बोटांनी सुटेना. त्यानं सरळ दात लावले आणि हिसका देऊन ती सोडवली.