काजळ्याची दाढ

गालावर हात धरून मी दवाखान्याच्या खुर्चीत आडवी झाले, दंतवैद्यानं डोक्यावरचा दिवा ओढला, आणि — माझी ठणकणारी दाढ क्षणभर गप्पच झाली. समोर काजळ्या उभा होता!

काजळ्या म्हणजे मुलांच्या मासिकातल्या माझ्या चित्रकथेचा खलनायक. "त्याच्या मनातलं तोंडावर दिसू दे. पोरांनी पहिल्या पानावरच ओळखलं पाहिजे," असं संपादकबाईंनी बजावलं होतं. म्हणून बसथांब्यावरच्या एका रागीट माणसाचा चेहरा मी गुपचूप उतरवून घेतला. जोड भुवया, बाकदार नाक, आवळलेला जबडा. तोच माणूस आता मला म्हणत होता, "आ करा."

मी निमूटपणे केला.

"तुम्हीही घाबरलात ना?" त्याचा आवाज इतका मऊ होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हल्ली मुलं मला बघितलं की आईमागे लपतात. मासिकात कुणी काजळ्या आहे म्हणे, हुबेहूब मी. मुलांसाठीच हा दवाखाना काढला... आता तीच येईनाशी झाली तर बंदच करावा लागेल."

दाढ भरून झाली. मी चूळ भरली आणि खाली बघत म्हणाले, "तो काजळ्या... मी काढला."

त्याचे कान लाल झाले. "एवढं दुष्ट काय दिसलं माझ्यात?"

"बसथांब्यावर तुम्ही कुणाचा तरी गळा घोटायला निघाल्यासारखे दिसत होता."

"माझी दाढ ठणकत होती हो त्या दिवशी," तो पुटपुटला. "आणि... दाढ काढून घ्यायला मला फार भीती वाटते. कुणाला सांगू नका."

बधिर झालेल्या अर्ध्या तोंडानं मी खळखळून हसले. तोही हसला. जोड भुवया वर गेल्या, आणि तो असा काही गोड दिसला की माझं काही खरं नव्हतं.

मी तडक संपादकबाईंकडे गेले. "चेहऱ्यावर मनातलंच दिसतंय, पण तो दुष्टपणा नाही, दुखणं आहे. मी काढलं बरोबर, समजले चुकीचं."

"खलनायकाला दाढदुखी?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पण दोन पानं दिली.

पुढच्या अंकात काजळ्या गाल धरून बसला होता, आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारलं, काय होतंय?

दाढ दाखवायला मी पुन्हा गेले, तेव्हा खुर्चीत एक चिमुरडी होती. तिनं डॉक्टरांच्या गालावर हात ठेवला. "अजून दुखतं का?" त्यानं मान हलवून 'नाही' म्हटलं. डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

ती गेल्यावर त्यानं माझी दाढ तपासली. "झाली बरी. आता यायची गरज नाही."

"बरं," म्हणत मी बसूनच राहिले.

"काजळ्या सुधारला, तर नवा खलनायक लागेल ना?"

"लागेल. देखणा काढणार आहे. गोड हसणारा."

"म्हणजे माझा चेहरा सुटला."

"नाही. तो मला हवाय. गोष्टीसाठी नाही... माझ्यासाठी."

त्यानं सावकाश हातमोजे काढले. "हे मी सांगणार होतो... कधीपासून शब्दांची जुळवाजुळव करतोय."

"मग सांगा की."

दारावर टकटक झाली. बाहेर कुणाचं तरी पोर कंटाळून रडत होतं. त्यानं माझा हात हातात घेतला, आणि सांगितलं.