हेलीनचे तीन दिवस

कुर्दिस्तानच्या डोंगरांत उजेड खालून वर चढत नाही; तो वरून खाली उतरतो. आधी शिखरांवरचे बर्फ केशरी होते, मग त्यांच्या खांद्यांवरची ओक वृक्षांची राने काळ्याची निळी होतात, आणि अगदी शेवटी, विसरलेले काही आठवावे तसा, तो हेलीन किल्ल्याच्या बुरुजांवर येऊन टेकतो. हेलीन म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत घरटे. ज्या कुणा पूर्वजाने तीन बाजूंनी तुटलेल्या त्या कड्यावर पहिला दगड ठेवला, त्याच्या डोळ्यांपुढे गरुड असला पाहिजे. पण वेढ्याच्या ऐंशीव्या दिवशी तटावरून खाली पाहणाऱ्या शिबंदीला आपण त्या घरट्यातली अंडी आहोत असेच वाटत होते.

खाली रेझान नदी बर्फाच्या पाण्याने फुगून वाहत होती. तिच्यावर एकच कमानीचा दगडी पूल, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, सुलतानाने पाठवलेल्या पाशाचे तांबडे तंबू. किल्ल्याच्या पाठीशी कड्यांनी वेढलेले उबदार खोरे होते. किल्ल्याचा धनी मीर बुदाक याच्या जमातीची बायकामुले आणि तीस हजार मेंढ्या हिवाळाभर तिथे राहत. खोऱ्याची खिंड किल्ल्याच्या तोफांखाली होती, म्हणून पाशाला आत शिरता येत नव्हते. खिंडीपुढचा पूल पाशाच्या हाती होता, म्हणून जमातीला बाहेर पडता येत नव्हते. दरसाल याच दिवसांत मेंढ्या पूल ओलांडून पलीकडच्या उन्हाळी कुरणांकडे चढत. यंदा खोऱ्यातले गवत संपले होते, आणि पूल बंद होता.

त्या सकाळी दिवाणखान्यात पाशाचा वकील यूनुस आगा याने खलिता वाचून दाखवला. शुक्रवारच्या नमाजाचा खुतबा सुलतानाच्या नावे पढावा, किल्ल्याच्या किल्ल्या पाशाच्या स्वाधीन कराव्यात, आणि त्या बदल्यात मीराने आपली वंशपरंपरागत सत्ता सुलतानाच्या सनदेने सुखेनैव भोगावी. पूल त्याच दिवशी मोकळा होईल.

मीर बुदाक सव्वीस वर्षांचा होता, आणि वडिलांच्या आसनावर बसताना अजूनही कडेला सरकून बसत असे. तो म्हणाला, "आगा, आमच्या पणजोबांनी हे डोंगर कोणाच्या सनदेने घेतले होते?"

"त्या काळी सनदा लिहिणारे कमी होते, हुजूर."

दरबारात दोघेतिघे हसले. मीरही किंचित हसला आणि मग गंभीर झाला. "पाशांना आमचा सलाम सांगा. इराणच्या शहांचे शिक्कामोर्तबाचे पत्र आमच्यापाशी आहे. बर्फ वितळताच त्यांची फौज आमच्या कुमकेस निघेल."

यूनुस आगाने कुर्निसात केला, उठला, आणि दारापाशी वळून अतिशय अदबीने म्हणाला, "बर्फ वितळले, हुजूर."

तो गेला. मीराच्या उजव्या हाताला त्याचे काका झैनल बसले होते. साठी उलटलेले, तीन मीरांचे दिवाण. ते काही म्हणणार इतक्यात दाराशी गलबला झाला.

"बाजूला हो! दाढी उगवली म्हणून मला अडवतोस? तुझी लंगोटी धुतलीय मी!" चोपदाराला कोपराने ढकलून म्हातारी हानो आत आली. जमातीच्या दूध काढणाऱ्या बायकांची ती म्होरकी. बुदाकला तिनेच अंगावर पाजले होते. तिने ओंजळ पुढे केली. ओंजळीत ओली माती होती.

"हे काय, आई हानो?"

"कोकराच्या तोंडातून काढलं. भिंती चाटतायत ती. मीरा, तू लढाई कर, तह कर, तुझं तू जाण. फक्त एक माणूस पाठव मेंढ्यांना समजवायला. माझं त्या ऐकत नाहीत."

मीराने मान खाली घातली. त्या जमातीत रिवाज होता की, वसंतात कळपाच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यात पितळी घंटा मीराने स्वहस्ते बांधायची. ती वाजेपर्यंत एकाही तंबूची दोरी सुटायची नाही. आणि एकदा वाजली की कोणी थांबायचे नाही, मग घरात लग्न असो, मयत असो, वा लढाई असो. वीस दिवस झाले, घंटा मीराच्या आसनाशेजारी तशीच पडून होती, आणि तटावरचे चारशे बंदूकधारी शत्रूकडे पाहण्याऐवजी अधूनमधून मागे वळून खोऱ्याकडे पाहत.

दुपारी झैनल पुतण्याला घेऊन पश्चिमेच्या बुरुजावर गेले.

"बुदाक, तुझ्या आजोबांनी शहाला नजराणा दिला आणि त्याची पाठ फिरताच त्याला शिव्या घातल्या. तुझ्या वडिलांनी सुलतानाची खिलत अंगावर घेतली, आणि घरी येऊन ती घोड्याच्या पाठीवर टाकली. दोघांच्या काळात मेंढ्या कुरणावर पोहोचल्या."

"म्हणूनच आज पाशा दारात आहे, काका. दोनदा वाकलेल्या माणसाची उंची लोक वाकलेलीच धरून चालतात." बुदाकचा आवाज चढला नव्हता. "जे आपले आहे ते त्याच्या हातून घेतले, की ते त्याचे दान ठरते. दान देणारा हात ते परतही घेतो."

"आणि धरून ठेवणाराच उरला नाही तर? डोंगर आपला, नाव आपले, आणि राहायला कावळे!"

"शहा येतील."

"शहाने तुला पत्र लिहिले. तसेच सुलतानालाही लिहिले असेल. हत्ती झुंजले तरी गवत तुडवले जाते, आणि त्यांचे जमले तरी तेच. आपण गवत आहोत, बाळ. गवताने वाकावे; त्यात त्याची लाज नाही."

बुदाक नदीकडे वळला. मग म्हणाला, "ती घंटा मी बांधली तर ती पाशाच्या परवानगीने वाजेल. तुमचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही, काका. पण माझे हात ते करणार नाहीत."

झैनल पायऱ्या उतरू लागले. त्यांचा निर्णय त्याआधीच झाला होता. चार दिवसांपूर्वी यूनुस आगाच्या हातून त्यांनी पाशाकडे स्वतःचा गुप्त खलिता धाडला होता, आणि उत्तरादाखल आलेली सनद त्यांच्या अंगरख्याच्या अस्तरात होती. तीत मीर म्हणून बुदाकचे नाव नव्हते, झैनलचे होते. त्यांना सत्तेची हाव होती असे त्यांच्या शत्रूंनीही कधी म्हटले नाही. त्यांना मेंढ्या पुलापलीकडे हव्या होत्या, आणि त्यासाठी द्यावी लागेल ती किंमत म्हणून त्यांनी आपले इमान पुढे केले होते.

दुसऱ्या दिवशी उन्हे तटावर पोहोचली तेव्हा खोऱ्यात घंटा वाजली.

आधी एकदाच, मग बोकड चालू लागला तशी एका लयीत. तटावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी "फितुरी!" असे ओरडले, पण ओरडता ओरडताच त्याने बंदूक खांद्याला अडकवली. पायऱ्यांवर पायांचा खडखडाट झाला. चारशे माणसे, ऐंशी दिवस ज्यांनी एक हात तट सोडला नव्हता, ती दिंडी दरवाजाकडे लोटली आणि तिथे थबकली. दरवाजात मीर बुदाक उभा होता. हातात भरलेली बंदूक, तिची वात पेटलेली. समोर खिंडीच्या वाटेने झैनल वर येत होते, कारण रात्री आसनाशेजारची घंटा नेऊन आपणच ती बोकडाला बांधली, हे पुतण्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचे, एवढे त्यांनी मनाशी ठरवले होते.

"घाल गोळी," झैनल म्हणाले. "रिवाजाने मी त्यालाच पात्र आहे. पण मग या लोकांना जाऊ दे."

बंदुकीची नळी त्यांच्या छातीवर रोखलेली राहिली. मग बुदाकने, जणू एखाद्या जुन्या हिशेबी माणसाला शंका विचारावी तसे विचारले, "काका, पूल किती रुंद आहे?"

"दोन मेंढ्या जातील एवढा."

"सगळा कळप उतरायला?"

"दरसाल तीन दिवस लागतात."

"आणि पाशाने पुलाचा शब्द कशाच्या बदल्यात दिला?"

"किल्ल्याच्या."

"किल्ला त्याला केव्हा मिळणार?"

"आज." झैनलच्या तोंडून तो शब्द निघाला, आणि निघता निघताच त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ज्याने आयुष्यभर प्रत्येक दरबाराची पावले आधी ओळखली, त्या मुत्सद्द्याला एवढी साधी गोष्ट दिसली नव्हती: आज किल्ला हाती पडल्यावर उद्या आणि परवा पूल उघडा ठेवायला पाशाला कारणच उरत नव्हते. अर्धा कळप अलीकडे, अर्धा पलीकडे, आणि मध्ये त्याच्या फौजेची भूक.

बुदाकने वात चिमटीत विझवली.

"मग ही माणसे जातील, पण दरवाजा बंद राहील. जोवर निशाण वर आहे, तोवर पूल अडवला तर ही माणसे परत तटावर चढतील हे भय पाशाला राहील. तीन दिवस. चौथ्या दिवशी तुमचा शब्द पाळला जाईल, काका. किल्ला त्याला मिळेल."

"मी थांबतो. पाप माझे आहे, बुदाक, मला थांबू दे!"

"सनद कोणाच्या नावे आहे?"

झैनलचा हात अंगरख्याच्या अस्तराकडे गेला. ते गुपित बुदाकला कोणी सांगितले नव्हते.

"मग तुम्हाला मरून चालायचे नाही," मीर म्हणाला, आणि वाकून त्याने काकांच्या हाताचे चुंबन घेतले. त्या वाकण्याला मात्र दरवाजातल्या एकाही माणसाने शरणागती म्हटले नाही.

मीरासह अकरा जण मागे राहिले. बारावी हानो. "माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत," ती म्हणाली, "आणि तुम्हाला पोळी भाजता येत नाही. मेल्यावर सैतानसुद्धा हसेल तुमच्या पोळ्यांना."

पहिल्या दिवशी पाशा हसत होता. माणसे आपणहून बाहेर पडत आहेत, किल्ला रिकामा होतो आहे; पूल मोकळा ठेवण्यात त्याचाच लाभ होता. दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडेना तेव्हा त्याने तोफा डागल्या; पण बाहेर पडलेली माणसे परत तटावर चढतील या भयाने पूल अडवला नाही. ते अकरा जण एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर धावत, प्रत्येक जंगीच्या भोकातून एकेक बार काढत, आपण शंभर असल्याचा आव आणत होते. आणि खाली पुलावरून, धुराच्या पडद्याखालून, मेंढ्या दोन दोनच्या रांगेने संथपणे जात होत्या, कारण मेंढीला घाई करता येत नाही. नदीपलीकडच्या उतारावर झैनल उभे होते. प्रत्येक धमाक्याला ते मान वर करत, निशाण पाहत, आणि पुन्हा पुलाकडे पाहत.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर लंगड्या मेंढ्या आणि आदल्याच दिवशी जन्मलेली कोकरे कडेवर घेतलेल्या बायका पलीकडे पोहोचल्या. शेवटचा माणूस पुलावरून उतरताच झैनलने ठरल्याप्रमाणे ओल्या गवताचा धूर केला. किल्ल्यावरून उत्तरादाखल एकच बार झाला. तासाभराने पश्चिमेचा तट कोसळला, आणि धूळ बसली तेव्हा बुरुजावर निशाण नव्हते. मीर बुदाकचे प्रेत दिंडी दरवाजाच्या आत सापडले. त्याच्यापाशी बंदुकीची दारू संपली होती आणि शहाचे पत्र नव्हते. पुढे कोणी म्हणाले, दुसऱ्या दिवशी काडतुसाला कागद कमी पडला तेव्हा त्याने तेच फाडून वापरले. हानोला पाशाच्या सैनिकांनी चुलीपाशी पाहिले. तिने त्यांनाही पोळी देऊ केली, असे सांगतात, आणि त्यांतल्या एकाने ती घेतली. दुसऱ्याने तलवार उपसली.

तो उन्हाळा कुरणांवर चांगला गेला. गवत गुडघाभर होते, दूध उतू जात होते, आणि संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्या बायका बुदाकच्या नावापाशी येऊन थांबत. झैनल त्या शेकोटीपाशी बसत नसत.

शरदात कळप खाली उतरला तेव्हा पुलापाशी दोन निशाणे होती. शहा आणि सुलतान यांच्यात तह झाला होता. त्याची बोलणी हिवाळ्यापासूनच चालू होती. ज्या हाताने बुदाकला कुमकेचे वचन लिहिले, त्याच हाताने ती चालवली होती. नदी ही सरहद्द ठरली. अलीकडचा हिवाळा सुलतानाचा, पलीकडचा उन्हाळा शहाचा. हेलीन दोघांनाही नको होता, म्हणून तो पाडायचे ठरले, आणि पाडायला झैनलच्याच माणसांना बोलावले.

सरहद्द आखणाऱ्या अमीनांच्या तंबूत दोन्ही दरबारांचे कारकून एकाच ताटातून डाळिंबाचे दाणे खात होते. यूनुस आगाही तिथे होता. त्याने झैनलकडे पाहायचे टाळले. झैनलने अस्तरातून सनद काढून पुढे ठेवली. अमीनाने ती आदराने कपाळाला लावली, वाचली आणि परत केली.

"सनद अस्सल आहे, मीर झैनल. पण ती तहाच्या आधीची. तरीही उभय बादशहांची आपल्यावर मेहेरबानी आहे. आपल्या जमातीने कोणत्याही एका तीरावर राहावे, आणि कोणत्या, ते आपणच सांगावे, असा हुकूम आहे." त्याने लेखणी शाईत बुडवली. "हिवाळा ठेवता, की उन्हाळा?"

तीन मीरांना सल्ला देणारा तो दिवाण जन्मभर दोन तोट्यांतला लहान तोटा निवडत आला होता. तो बसल्या जागी मनात तोलू लागला: उन्हाळ्यावाचून हिवाळा म्हणजे वसंतात उपासमार, आणि हिवाळ्यावाचून उन्हाळा म्हणजे शरदातच बर्फाखाली कबर. पारडी हलेनात. अमीन सभ्यपणे वाट पाहत राहिला. बाहेर तट पाडणाऱ्यांच्या पहारींचा आवाज येत होता.

"हिवाळा," झैनल म्हणाले. का, ते कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर पडलेल्या पश्चिम तटाच्या पायथ्याशी असलेल्या बारा कबरींखेरीज त्यांच्यापाशी दुसरे कारण नव्हते.

पुढच्या वसंतात बर्फ वितळले आणि मेंढ्या, कोणी न हाकता, खिंडीतून उतरून पुलाच्या बंद तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. काठ्यांनी वळवल्या तरी त्या परत येत. खोऱ्यातले गवत संपले. तेराव्या दिवशी जमातीची माणसे हातात सुऱ्या घेऊन कळपाभोवती जमली आणि तशीच उभी राहिली. एवढ्या जनावरांना एका दिवशी कापण्याचा त्यांच्यात रिवाज नव्हता, म्हणून सुरुवात कोणी करायची हे कोणाला ठाऊक नव्हते.

मग मीर झैनल पुढे झाले आणि त्यांनी अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या.