चार चित्रं मागे असलेली रेवा

रेवाची उत्तरं चुकत होती, पण फार विचित्र पद्धतीने चुकत होती. पडद्यावर हिरव्या दगडाचं चित्र असायचं आणि ती लिहायची, ‘पांढरा, पंख्यासारखा पसरलेला. स्टिलबाइट!’ मग बाकीची मुलं हसून लोटपोट व्हायची.

‘दगडगोटे’ हा दगड जमवणाऱ्या मुलांचा ऑनलाइन गट. दर रविवारी संध्याकाळी तिथे ‘ओळखा’ हा खेळ रंगायचा. सहा-सहा मिनिटांनी एकेका दगडाचं चित्र येई आणि जो आधी ओळखेल त्याला गुण मिळत. सुरक्षिततेसाठी गटाचा एक कडक नियम होता : आपलं गाव, शाळा, पत्ता कुणी सांगायचा नाही आणि कुणाला विचारायचाही नाही. त्यामुळे रेवा कोण, कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ती गटात आली, एवढंच.

नव्या मुलांच्या स्वागताचं काम सिन्नरच्या गार्गी ढिकलेकडे होतं. गार्गी बारा वर्षांची. नवं नाव दिसलं की ती एक बटण दाबायची आणि ‘गटात तुमचं मनःपूर्वक स्वागत’ असा तयार निरोप जायचा. रेवालाही तो गेला होता.

त्या रविवारी खेळ संपल्यावर ‘राखणदारा’ची सूचना आली. राखणदार म्हणजे गटातली खोटी खाती (माणसाऐवजी यंत्राने चालवलेली खाती) शोधणारा प्रोग्रॅम. त्याने लिहिलं होतं : ‘रेवा हे खातं यंत्र असण्याची शक्यता. काढून टाकायचं का?’

अशी सूचना सगळ्यांना दिसायची, पण हो की नाही हे गार्गीने ठरवायचं असे. लगेच शंतनूचा फोन आला. खेळात सगळ्यात जास्त गुण त्याचेच असायचे.

“गार्गी, हो म्हण ना पटकन. ती माणूस नाहीच. काय विचारलं आणि काय सांगते!”

“थांब जरा, बघते मी,” गार्गी म्हणाली.

तिने रेवाचे जुने निरोप उघडले. पहिल्याच दिवशी रेवाने लिहिलं होतं, ‘माझ्याकडे एक काळा दगड आहे. त्याला खूप भोकं आहेत. कुणाला बघायचाय का?’ खाली एकाही मुलाचं उत्तर नव्हतं. गार्गीचंही नव्हतं.

तिने तो निरोप पुन्हा वाचला. यंत्राला आपला दगड कुणाला दाखवावासा कशाला वाटेल?

अश्विनीआत्या शेजारीच चहा पीत बसली होती. ती नाशिकजवळच्या एका अँटेना केंद्रात काम करायची. अवकाशयानांशी आणि मंगळावरच्या वसाहतीशी (तिथे जाऊन राहिलेल्या माणसांच्या वस्तीशी) संपर्क ठेवण्याचं तिचं काम. गार्गीने तिला सगळं सांगितलं.

“उत्तरं चुकीची आहेत की उशिरा येतात?” आत्याने विचारलं.

“म्हणजे?”

“तिचं एक उत्तर घे आणि आधीच्या चित्रांशी लावून बघ.”

गार्गीने ‘पांढरा, पंख्यासारखा’ हे उत्तर घेतलं आणि एकेक चित्र मागे गेली. चार चित्रं मागे पांढराशुभ्र स्टिलबाइट होता! पुढचं उत्तरही चार चित्रं मागे नेलं. तेही जुळलं. मग तिसरं, चौथं. रेवाची सगळी उत्तरं बरोबर होती.

“आत्या, हिला सगळं येतं! पण एवढी हळू का?”

“हळू आहे म्हणतेस? सोप्या दगडाला ती कमी वेळ घेते का?”

गार्गीने पाहिलं. सोपा दगड असो की अवघड, उशीर साधारण चोवीस मिनिटांचाच होता.

“विचार करायला वेळ लागत असता, तर कधी कमी लागला असता, कधी जास्त,” आत्या म्हणाली. “उशीर सारखाच आहे, याचा अर्थ तो तिच्या डोक्यात होत नाही, वाटेत होतो. दरीत हाक मारलीस तर आवाज समोरच्या कड्यापर्यंत जातो, मग परत येतो. कडा लांब असेल तर प्रतिध्वनी उशिरा येतो. यात कड्याची काय चूक?”

“पण आपले निरोप तर रेडिओलहरींनी जातात. त्या प्रकाशाच्या वेगाने जातात ना?”

“हो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. पृथ्वीवर कुठेही क्षणात पोचतात. चंद्रावर जायला सव्वा सेकंद पुरतो. मग जायला बारा मिनिटं आणि यायला बारा मिनिटं लागतील, अशी जागा किती लांब असेल?”

गार्गीने गुणाकार केला. सुमारे साडेएकवीस कोटी किलोमीटर. तिने मान वर करून आत्याकडे पाहिलं.

“दोन महिन्यांपूर्वीचा खेळ बघ,” आत्या म्हणाली.

तेव्हा रेवा तीनच चित्रं मागे होती! म्हणजे ती जागा दूर दूर चालली होती.

“मंगळ!” गार्गी ओरडली. “तो आणि पृथ्वी आपापल्या कक्षेत (सूर्याभोवती फिरण्याच्या वाटेवर) फिरतात. पृथ्वीचा वेग जास्त, म्हणून अंतर बदलत राहतं.”

“तुझा तर्क चांगला आहे. आता तो तपासून बघायला हवा.”

पण ‘तू कुठे राहतेस?’ असं विचारायची सोय नव्हती. बराच विचार करून गार्गीने लिहिलं, ‘रेवा, तुझी सगळी उत्तरं बरोबर होती, हे मला आज कळलं. आमचं बोलणं तुझ्यापर्यंत उशिरा पोचतं का? कुठून लिहितेस ते सांगू नकोस. आणि तुझा काळा दगड मला बघायचाय. मी इथेच थांबले आहे.’

मग ती खरंच थांबली. शंतनूचा पुन्हा फोन आला. “काढलंस का?” गार्गी म्हणाली, “अजून नाही. तूही थांब.” आईने जेवायला हाक मारली, तर ती ताट घेऊन पडद्यासमोर येऊन बसली.

अर्ध्या तासाने उत्तर आलं.

‘हो, उशिरा पोचतं. कुठून ते सांगायला आई हो म्हणाली, म्हणून सांगते. मी मंगळावर राहते. इथे माझ्या वयाचं कुणी नाही. आधीच्या गटात मी हे सांगितलं, तर सगळे मंगळाबद्दलच विचारायचे. मला दगडांबद्दल बोलायचं असतं. तुमचा खेळ माझ्यापर्यंत येतो तेव्हा तिकडे पुढची चित्रं सुरू झालेली असतात, हे मला माहीत होतं. तरी लिहायचे. हा बघ माझा दगड.’

चित्रात काळा, भोकाभोकांचा दगड होता. गार्गी बघतच राहिली. सिन्नरच्या टेकडीवर असे दगड पायाखाली यायचे! तो बेसॉल्ट होता (लाव्हा थंड होऊन तयार झालेला खडक). लाव्हातल्या वायूचे बुडबुडे तसेच गोठून राहिले की अशी भोकं पडतात.

राखणदाराच्या सूचनेला गार्गीने ‘नाही’ म्हणून कळवलं. मग रेवाला विचारून तिने तिच्या उशिराचं कारण सगळ्या गटाला सांगितलं आणि एक बदल मांडला. चित्रं सकाळी एकदम टाकायची. दिवसभरात केव्हाही उत्तर पाठवायचं. उत्तरं झाकलेली राहतील आणि रात्री एकत्र उघडतील.

“मग पहिला येण्यात काय मजा?” शंतनू चिडला. “एका मुलीसाठी सगळा खेळ बदलायचा?”

“ती चार चित्रं मागून लिहीत होती, तरी एकही उत्तर चुकलं नाही,” गार्गी म्हणाली. “तुझी गेल्या वेळी दोन चुकली होती.”

शंतनूने आपली उत्तरं पुन्हा पाहिली. मग म्हणाला, “एक रविवार करून बघू.”

त्या रविवारी एक गंमत झाली. कधीच न बोलणाऱ्या अकरा मुलांची उत्तरं आली. कुणाच्या गावात नेटवर्क टिकत नव्हतं, कुणाला भराभर टाइप करता येत नव्हतं, कुणी नुसतं लाजत होतं. घाई गेली आणि ती सगळी पुढे आली. शंतनू तिसरा आला. तक्रार करण्याऐवजी त्याने रेवाला विचारलं, ‘तो चौथा दगड तू कसा ओळखलास?’ आणि उत्तर येईपर्यंत क्रिकेट खेळून आला.

काही महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला. अशा वेळी मध्ये येणाऱ्या सूर्यामुळे निरोप नीट पोचत नाहीत, म्हणून संपर्क जवळजवळ दोन आठवडे बंद ठेवतात. मुलांना हे आता ठाऊक होतं. त्यांनी रेवासाठी भरपूर चित्रं आधीच पाठवून ठेवली.

संपर्क पुन्हा सुरू झाला तसा रेवाचा निरोप आला :

‘सगळे दगड ओळखले, उत्तरं सोबत आहेत. आणि एक बातमी! नव्या यानातून एक मुलगा आलाय, माझ्याच वयाचा. उतरल्यापासून कुणाशी बोललेला नाही. मी त्याच्या हातात एक दगड ठेवलाय आणि शेजारी बसले आहे. घाई नाही.’