कडूच्या जागेला विचारलेला प्रश्न

यातलं काहीही रचलेलं नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्या छबूबाईंनी पुढे आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. भुताखेतांवर त्यांचा आजही विश्वास नाही.

१९७३ चा मार्च. दुष्काळ. नगरजवळची मिशनची शाळा. तिथं विज्ञान इंग्रजीतून चालायचं, बाकी सगळं मराठीतून.

शेवगावकडच्या छबूला इंग्रजी कळत नसे. अशा मुलीशेजारी इंग्रजी येणारी मुलगी बसवायची, अशी शाळेची पद्धत. बाईंचं वाक्य संपलं, की तिनं ते कानात मराठीत सांगायचं.

छबूशेजारी कडू बसायची.

"आ वासून काय बसलीस, येडे? माशी जाईल तोंडात!" असं म्हणून मगच ती अर्थ सांगायची.

त्याच वर्षी जानेवारीत कडू तापानं गेली.

छबू रडली नाही. जेवली, झोपली, उठली. बाकावरची जागा रिकामीच राहिली.

छबूची आई, बायडाबाई, भेटायला आली. "नापास झालीस तर चल माझ्यासंगं दुष्काळी कामावर खडी फोडाया. तितं खायला सुकडी तरी मिळती." ती रागानं बोलत नव्हती. घरी तसं ठरलंच होतं.

छबूला उत्तरं इंग्रजीतून पाठ होती. प्रश्न तेवढा कळायला हवा होता.

तोंडी परीक्षा भर दुपारी होती. वर्गात छबू एकटी. समोर परीक्षा घ्यायला मिस रूथ, नुकत्याच परदेशातून आलेल्या. कडूला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

त्यांनी प्रश्न विचारला. छबूला अक्षरही कळलं नाही.

आणि मग... कानाला उबदार श्वास लागला.

"पाण्याची वाफ कशी होते, विचारतायत. तोंड मिट आधी, येडे."

छबूनं मान वळवली नाही. उत्तर म्हणून टाकलं.

पुढचा प्रश्न. पुन्हा श्वास... पुन्हा उत्तर.

तिला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मग मिस रूथ थांबल्या. त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"नाऊ यू," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्या जागेला एक लांबलचक प्रश्न विचारला. वाट पाहिली. ऐकता ऐकता मान हलवली... आणि हसल्या.

छबूला काहीच ऐकू आलं नाही.

"छान. दोगी पास," मिस रूथ मोडक्या मराठीत म्हणाल्या.

छबू शाळेतच राहिली. तो आवाज मात्र पुन्हा कधी आला नाही.

छबूबाईंना आता उत्तम इंग्रजी येतं. पण त्या दुपारच्या शेवटच्या प्रश्नाचा त्यांना नुसता सूर आठवतो, शब्द नाहीत.

कडूला काय विचारलं होतं, ते त्यांना अजून माहीत नाही.